येळवसेची वाट

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे वेळा अमावास्या म्हणतात. म्हणजे पंचांग पाहणारे म्हणतात. बाकी सारे येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवचा मुलूख, सोलापूरचा काही भाग, पलीकडे बिदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावात माणूस सापडायचा नाही. घराला कडी घालून सगळे रानात जातात. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो. त्या दिवशी जेवायला आमंत्रण लागत नाही. पुण्यात सेहेचाळीस वर्षे संसार केला, पण मला अजून दिवाळीपेक्षा येळवसच अधिक आठवते. दिवाळी अंकात असे लिहू नये, पण खरे ते लिहिले.

२०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ही अमावास्या लांबली आणि ११ जानेवारी २०२४ ला, गुरुवारी, आली. भावाचा फोन महिनाभर आधीच आला होता. "अक्का, औंदा येळवसेला ये. पोरगा मोटार घेऊन येतोय, त्याच्यासंगं ये. आणि आलीसच तर शुक्रवारी औशाला जाऊन तेवढा कागद बी उरकून टाकू."

तेवढा कागद म्हणजे हक्कसोडपत्र.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, २०११ साली गेले. आई त्यांच्यामागून तीन वर्षांनी. मृत्युपत्र वगैरे काही नव्हते. चौदा एकर काळी जमीन, एक विहीर, बांधावरची चिंच आणि आम्ही तिघे : मी, माझ्या पाठची बहीण आणि सर्वांत धाकटा भाऊ. सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली, आणि लागली आहेत हे आम्हां बहिणींना फार उशिरा कळले. बहिणीने सोलापुराहून येऊन सही दिली, साडी नेसली आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेली. राहिले होते माझे नाव.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवले. तीनाने चौदाला पूर्ण भाग जात नाही. प्रत्येकी चार एकर सव्वीस गुंठे आणि वर दोन-तृतीयांश गुंठा. हा हिशेब मी त्या फोननंतर प्रथम केला, हे लिहिताना मला थोडी लाज वाटते. मुलांना विहिरी, हौद आणि शेतांच्या वाटण्यांची शेकडो उदाहरणे घातली, पण आपल्या घरचे उदाहरण कधी सोडवले नव्हते.

माझी मुलगी म्हणाली, "आई, सही करायची नाही. २००५ च्या कायद्याने तुझा हक्क मामाइतकाच आहे." माझे यजमान असते तर वेगळे बोलले असते. ते म्हणत, माहेरचे शेत म्हणजे माहेरच्या विहिरीचे पाणी. गेल्यावर प्यावे, घागर भरून घरी आणू नये. दोघांचीही बोलणी पिशवीत घालून मी बुधवारी पहाटे भाच्याच्या मोटारीत बसले.

हडपसर मागे पडले आणि यवतच्या आसपास धुके लागले. पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे तेवढे दिसत. भाचा हिंजवडीला संगणकाच्या कचेरीत आहे. त्याला या रस्त्याचे प्रत्येक उपाहारगृह माहीत आहे आणि गाव एकही नाही. पाटस गेले तरी मी "पाटस आले का?" विचारीत होते. तो म्हणाला, "आत्या, रस्ता गावात शिरतच नाही आता." खरेच होते. सोलापूरचा रस्ता चौपदरी झाल्यापासून गावे उड्डाणपुलाखाली राहतात. प्रवाशाला त्यांची फक्त पाटी भेटते.

भिगवणजवळ ऊन आले. तिथून उजनीचे पाणी दिसते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, आणि ते पाहायला पुण्याहून लोक दुर्बिणी घेऊन येतात. त्या वर्षी पाऊस हात राखून पडला होता. धरण साठ टक्क्यांच्या आसपास भरले तेवढेच, आणि जानेवारीतच पाणी इतके मागे सरले होते की काठाचा गाळ उघडा पडून त्यात कोणी कोणी पेरूनही टाकले होते. पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर पाणी उतरल्यावर माणूस पुन्हा नांगर धरतो. सरकारने मोबदला देऊन, कागद करून, नकाशातून पुसलेली ती जमीन. मी मोटारीच्या काचेतून त्या हिरव्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. एरवी मी रोहित पाहिले असते.

इंदापुरापासून उसाच्या गाड्या सुरू झाल्या. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि मधून मधून टायरगाडीला जुंपलेले बैल, त्यांच्या शिंगांना गोंडे. एका गाडीवर ढिगाच्या माथ्यावर बाई बसली होती, मांडीवर लेकरू, हातात वाढ्याची पेंढी. ही माणसे बहुतेक बीडकडची. दिवाळी झाली की निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून उचल घेतात ती कोयत्यावर. दोघे तोडतात, दोघे मोळ्या बांधतात, दोघे गाडी भरतात, आणि हिशेबात एक. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी एक भागिले दोन करावे असे प्रथमच मनात आले. मनुष्य आपल्या कामाला निघाला की त्याला रस्ताभर आपलेच काम दिसते.

टेंभुर्णीला आम्ही मोठा रस्ता सोडला, आणि मला वाटले, आता प्रवास सुरू झाला. दुतर्फा बाभळी, एका वेळी एकच गाडी सुखाने जाईल असा पूल, पाराच्या कडेला उन्हाला पाठ देऊन बसलेली म्हातारी माणसे. भाच्याने गाडीचा वेग कमी केला. कुर्डुवाडीला मी त्याला स्टेशनावर गाडी घ्यायला लावली.

१८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची आगगाडी घातली. पुढे ती एका बाजूला लातूरला गेली, दुसऱ्या बाजूला पंढरपुरावरून मिरजेला. आम्ही तिला 'बार्शी लाइट' म्हणत असू. या गाडीतून मी १९७३ साली शिकायला पुण्याला निघाले. चढावर ती इतकी मंद चाले की मुले उतरून बोरे वेचीत आणि पुन्हा चढत, असे सगळे सांगतात. मी तशी मुले पाहिलेली नाहीत, पण गोष्ट खोटी वाटत नाही. कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीची वाट पाहत अण्णा फलाटावर माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी धोतराच्या सोग्यातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तुझा वाटा शिक्षणात दिला बघ." मला त्या वेळी ते वाक्य आशीर्वादासारखे वाटले. आता पन्नास वर्षांनी, रुंद झालेल्या रुळांकडे पाहताना, ते एखाद्या पावतीसारखेही वाटले. दोन्ही खरे असेल. आमच्या गावात मुलीला सातवीपुढे शिकवणारे ते पहिलेच, आणि त्यासाठी त्यांनी बैलजोडी विकली होती हे मला आईने सांगितले होते.

भाचा म्हणाला, "आत्या, काय बघतेस?"

"काही नाही. इथे मोठी गाडी मिळायची."

बार्शीला जेवलो. शेंगदाण्याची आमटी, ज्वारीची भाकरी, कांदा. भगवंताच्या देवळात जाऊन आलो. मग बाजारात मी भावजयीसाठी साडी घ्यायला शिरले. दुकानदाराने साड्या उलगडून टाकल्या आणि माझा हात एका जांभळ्या इरकलीवर थांबला.

तशीच जांभळी साडी मी एकदा घेतली होती. १९९८ साली, माझ्या नणंदेसाठी. सासऱ्यांच्या मागे साताऱ्याकडची थोडी जमीन होती. ती विकून पुण्यातल्या घराचे कर्ज फेडायचे ठरले, आणि नणंदबाईंची सही हवी होती. त्या आल्या, कचेरीत गेल्या, दाखवले तिथे सही केली. घरी आल्यावर मी त्यांची ओटी भरली, साडी दिली, पुरणपोळी वाढली. त्यांनी काही मागितले नाही आणि आम्ही काही विचारले नाही. मला त्या दिवशी वाटत होते की मी फार चांगली भावजय आहे. आज ज्या घरात बसून हे लिहीत आहे ते त्या सहीवर उभे आहे. नणंदबाई आता नाहीत. मुलगी मला कायदा सांगत होती तेव्हा मी तिला ही गोष्ट सांगितली नव्हती.

मी ती जांभळी साडी ठेवली आणि हिरवी घेतली. त्याने काय झाले म्हणाल, तर काहीच नाही.

बार्शी सोडली की रस्ता बालाघाटाकडे जातो. अण्णा सांगत, त्यांच्या लहानपणी बार्शी म्हणजे इंग्रजी आणि पलीकडे सारे निजामाचे. हद्दीवर करोडगिरीचे नाके असे. बाजारातून येताना पदरात काय आहे ते दाखवावे लागे, आणि इकडचा रुपया वेगळा, तिकडचा हाली शिक्का वेगळा. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. आज ती हद्द कुठे होती ते सांगायला कोणी नाही. येडशीच्या चढावर साग आणि धावडे उभे होते, पाने गळालेले. रामलिंगाच्या देवळाकडे जाणारी वाट दिसली. चढ संपला आणि पठार उघडे झाले, आणि इथून ज्वारी.

ज्वारीचे रान ज्याने जानेवारीत पाहिलेले नाही त्याला ते सांगणे कठीण आहे. ते हिरवे नसते. हिरव्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखे दिसते. कणसे भरत असतात, दाणा दाबला तर दूध निघते. शेताच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी लावतात, म्हणजे जनावर आत शिरत नाही. सगळीकडे मालदांडी. मोहोळच्या केंद्रात निवडलेला तिचा एम ३५-१ नावाचा वाण माझ्या जन्माच्या आधीपासून या मातीत आहे आणि अजून हटलेला नाही. त्या वर्षी मात्र ओल कमी पडली होती. बऱ्याच रानांत ताटे कमरेइतकीच, कणसे बारकी. काही ठिकाणी ज्वारी नव्हतीच, हरभरा होता. खरिपाला तर आता सगळीकडे सोयाबीन. रस्त्याकडेला पाट्या होत्या : हुरडा पार्टी, माणशी इतके रुपये, झोपाळा व बैलगाडीची फेरी यांसह. आम्ही लहानपणी हुरडा खाऊन तोंड काळे केले त्याचे कोणी पैसे घेतले नाहीत. पण शेतकऱ्याला दाण्यापेक्षा झोपाळ्याचे जास्त मिळत असतील तर त्याने झोपाळा का बांधू नये?

पुढे कसबे तडवळे लागले. १९४१ साली डॉ. आंबेडकर इथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. लहानसे गाव, मोटारीतून पाच मिनिटांत जाते. मला आठवले, हिंदू संहिता विधेयकात मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा असावा म्हणून हाच माणूस झगडला, आणि ते बिल रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडून बाहेर पडला. १९५६ चा वारसा कायदा झाला तो पुष्कळ पातळ होऊन. मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळायला २००५ उजाडले. आणि कायद्याने दिलेले ते सारे परत करायला, मुद्रांकाला त्या वेळी दोनशे रुपये पडत होते.

ढोकीवरून तेरचा फाटा गेला. रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले तगर ते हेच, आणि गोरोबाकाकांची समाधीही तिथलीच. भाच्याला म्हटले, येताना जाऊ. येताना कोणी कुठे जात नाही. मुरूड गेले, लातूर आले. लातूर म्हटले की पूर्वी गंजगोलाईच्या सोळा वाटा डोळ्यांपुढे येत. आता बाहेरच्या माणसाला २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची आगगाडी आठवते. औसा ओलांडून आम्ही गावात शिरलो तेव्हा दिवे लागत होते.

घर आता सिमेंटचे आहे. जुने माळवदाचे होते. १९९३ च्या भूकंपाने किल्लारी-सास्तूरकडे हजारो माणसे अशाच माळवदांखाली गेली. आमच्या गावात भिंती फाटल्या, माणसे वाचली. त्यानंतर अण्णा दोन वर्षे पत्र्याखाली निजले आणि मग भावाने कर्ज काढून हे घर बांधले. भावजयीने पायांवर पाणी घातले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. भाऊ दारात उभा होता. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण त्या दिव्याच्या उजेडात थोरला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी येळवस. रात्रीपासून भावजय चुलीपुढे होती. हरभरा, वाल, तूर, वाटाणा, शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजवून बेसनात केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मोठ्या मडक्यात ताक-ज्वारीच्या पिठाची आंबील. मडके डोक्यावर घोंगडीत गुंडाळून न्यायचे. पूर्वी गाडी जुंपत. आता भाच्याच्या मोटारीच्या मागच्या बाजूला ते दोन उशांच्या मध्ये बसवले, आणि शेतापर्यंत तो बैलाच्या चालीने गेला.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. पूजा भावाने केली, नेहमीप्रमाणे. मग आंबील घेऊन रानाला शिंपडत फिरायचे. हे काम पुरुषांचे. बायका कोपीजवळ पाने मांडतात. पण त्या दिवशी काय झाले कोण जाणे, मी उठले आणि म्हणाले, "मी येते."

भाऊ क्षणभर थांबला. "चल की."

तो पुढे, हातात आंबिलीचे भांडे आणि डहाळी, मी मागे. बांधावरून चालायचे तर पायाखाली पाहावे लागते. ढेकळे, हराळी, मधूनच करडईचा काटा पदराला. मी या शेतात जन्मभर आले. विहिरीची पायरी कुठे निसटती आहे ते मला ठाऊक आहे, चिंचेच्या कोणत्या फांदीवर झोका होता ते ठाऊक आहे. पण आपले रान कुठे संपते ते मला ठाऊक नव्हते. अडुसष्टाव्या वर्षी मी बापाच्या शेताला प्रथम पूर्ण फेरी घातली.

भाऊ डहाळी बुडवून शिंपडत होता आणि बोलत होता. "हितं पाणी धरतंय. हे वरचं टेकाड, मुरमाड, हितं औंदा कायच न्हाई. ह्या बाजूनं शेजारचा दोन तास आत आलाय. मोजणी आणायची तर पैसं लागतात, आणि रोजचं तोंड बघायचं असतंय." हरभऱ्याच्या पट्ट्याजवळ तो थांबला. "सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपयं. बाजार त्याच्याच आसपास घुटमळतोय. घातलेलं निघालं तर निघालं. दोन्ही पोरं म्हणतात, विका आणि पुण्याला या. अक्का, पुण्याला येऊन मी काय करू?"

मी काही बोलले नाही. तो जे सांगत होता ते मला माहीत असायला हवे होते, आणि नव्हते. अण्णांचे दुखणे त्याने काढले. आईला शेवटची दोन वर्षे अंथरुणातून उचलून ठेवायचे, ते त्याने आणि भावजयीने. मी सुट्टीत येत होते, फळे घेऊन.

जेवणे झाली. ओळखीची, अनोळखी पन्नास माणसे जेवून गेली. तिन्हीसांजेला कडब्याची पेंढी पेटवून भाचा रानाभोवती धावला. याला हेंडगा म्हणतात. त्याच्या पायांत शहरातले पांढरे बूट होते आणि तो ओरडत होता ते शब्द त्याला अर्धे येत होते. पण तो हसत होता. लांब लांब सगळ्या रानांतून तसेच जाळ फिरत होते.

रात्री ओसरीवर भावाने कागद आणून ठेवला. औशाच्या वकिलाकडून आधीच टाइप करून घेतला होता. मी चष्मा लावला.

"वाचायचं काय त्यात," भाऊ म्हणाला. रागाने नव्हे, खरोखरच त्याला वाटत होते की त्यात वाचण्यासारखे काही नसते.

मी वाचले. 'नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाशिवाय.' त्यातले प्रेम होते. मोबदला नव्हता हेही खरे. 'स्वखुशीने' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले.

"उद्या औशाला जायला नको," मी म्हणाले.

"का?"

"मला विचार करायचा आहे."

"अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. अजून विचारच?"

"बारा वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं."

तो उठून अंगणात गेला. बराच वेळ गोठ्याकडे त्याची विडी दिसत होती. मग तिथूनच म्हणाला, "मी राबलो न्हाई का?"

"राबलास. कुणी नाही म्हटलं?"

"मग?"

मला उत्तर देता आले नाही. गणितात असे नसते. इथे दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि समीकरण जुळत नव्हते. मला ती जमीन हवी आहे का? चार एकर सव्वीस गुंठ्यांचे मी काय करणार? विकून मुलीला पैसे द्यायचे तर भाऊ कोलमडेल. आणि मुलीने मागितलेही नव्हते. पण हवी नसणे वेगळे, आणि नसलेलीच म्हणून सोडून देणे वेगळे, एवढे मला बांधावरून चालताना कळले होते. सोडायची तर आधी हातात धरावी लागते. मी ती कधी धरलीच नव्हती. नणंदबाईंनीही धरली नसणार.

भावजय आतून आली आणि माझ्याशेजारी बसली. फार कमी बोलणारी बाई. म्हणाली, "अक्का, माझ्या माहेरला मी बी अंगठा दिला. सही येती मला. पण त्येनी शाईची डबी पुढं केली, मग अंगठाच दिला." एवढे बोलून ती उठली आणि दुधाला विरजण लावायला गेली.

शुक्रवारी आम्ही औशाला गेलो नाही. भाऊ दिवसभर रानात होता. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. दर वर्षी निघताना ज्वारीचे एक पोते मिळते. मी नको म्हणायचे, त्यांनी आग्रह करायचा, अशी रीत आहे. त्या दिवशी मला वाटले पोते येणार नाही. भाऊ न बोलता ते पाठीवर घेऊन आला आणि मोटारीत टाकले. मी या खेपेला नको म्हणाले नाही. तोही 'राहू दे की' म्हणाला नाही. आम्ही दोघांनी त्या पोत्याकडे असे पाहिले, जणू त्याचे नाव काय ते प्रथमच ठरवायचे होते. भेट, की वाटा?

भावजयीच्या अंगावर हिरवी साडी होती. भोगी-संक्रांतीसाठी तिने तीळ, बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे बांधून दिले. परतीच्या वाटेवर भाचा फारसा बोलला नाही. तेरला आम्ही गेलो नाहीच. टेंभुर्णीला चहा घेताना त्याने विचारले, "आत्या, तू रागावली आहेस का बाबांवर?"

"नाही रे."

"ते तुझ्यावर रागावलेत."

"त्याला तेवढा हक्क आहे," मी म्हणाले, आणि मग दोघेही हसलो, कारण तो शब्द नको तिथे आला होता.

फेब्रुवारीत फोन आला नाही, मार्चमध्ये आला नाही. पाडव्याला मी केला. भावजय बोलली, तो रानात होता. एप्रिलभर मला वाटत होते की सही करून टाकावी आणि मोकळे व्हावे. माहेर संपले तर चार एकरांत ते परत पेरता येत नाही. कागद कपाटात आईच्या फोटोमागे होता. दोनदा काढला आणि ठेवला.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. मृगाची पेरणी चालू असेल अशा एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजामागे वारा होता, म्हणजे तो रानातून बोलत होता.

"अक्का, चिंचेखालच्या तुकड्यात काय टाकू?"

चाळीस वर्षे तो पेरतो आहे. हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता. अण्णांनीही आईला विचारला असेल असे वाटत नाही. मी गडबडले आणि तोंडाला आले ते बोलले. "ज्वारी."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग तो हसला, लहानपणी हसायचा तसा, नाकातून.

"अगं, ज्वारी आता कुठं? ती दसऱ्याच्या तोंडाला. आता तूर टाक, न्हाईतर सोयाबीन."

"मग तूर," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "बियाण्याचं पैसं पाठव."